दुसऱ्यांदा विचारलं तर

खोलीत सगळं जोडीने मांडलेलं होतं. दोन झगे, दोन सपाता, दोन पेले आणि उशांवर सोनेरी कागदातली दोन चॉकलेटं. पलंगाच्या मधोमध फुलांच्या पाकळ्यांचा भलामोठा बदाम काढलेला. आता त्या बदामाचं मी एकट्याने काय करायचं? पाकळ्या गोळा करून मी टेबलावरच्या बशीत ठेवल्या, कारण पांढऱ्या चादरीवर लाल पाकळी चिरडली की तिचा डाग पडतो आणि तो काढताना कोणाच्या तरी नाकी नऊ येतात. जन्मभर लॉन्ड्री चालवलेल्या माणसाला पलंग दिसत नाही, चादर दिसते.

चादर मात्र चांगली होती. धुलाई स्वच्छ, इस्त्री सरळ, कोपरे नीट दुमडलेले. नावं ठेवायला जागा नव्हती, त्यामुळे माझा थोडा हिरमोड झाला.

ही सगळी मुलाची कृपा. मला सत्तर पूर्ण झाली म्हणून त्याने शहरातल्या या सगळ्यात उंच हॉटेलात माझी राहण्याची सोय केली होती. राहणं, जेवण, मालिश, गाण्याचा कार्यक्रम, सगळं त्यात आलं. ‘जोडप्यांसाठीचं पॅकेज आहे बाबा, पण एकट्यालाही चालतं. मी विचारून घेतलंय,’ असं तो म्हणाला होता. बायकोला जाऊन चार वर्षं झाली. ती असती तर तिने आल्या आल्या झगा चढवला असता आणि हा घरी न्यायला मिळतो का, ते फोन करून विचारलं असतं. मी झगा कपाटात टांगून ठेवला. एक चॉकलेट खाल्लं आणि दुसरं चिमणीसाठी खिशात टाकलं. चिमणी म्हणजे माझी नात.

पण मला चैनीचं कौतुक नव्हतं. माझं सगळं लक्ष रविवारच्या दुपारकडे लागलेलं होतं. त्या दुपारी मुलगा, सूनबाई आणि चिमणी माझ्याबरोबर जेवायला येणार होते, आणि जेवण झालं की मला आपल्यासोबत नव्या घरी घेऊन जाणार होते. कायमचं.

झालं होतं असं. महिन्यापूर्वी मुलाचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. “बाबा, आपण मोठं घर घेतलं!”

आपण. ‘आम्ही’ म्हणाला नाही तो, ‘आपण’ म्हणाला. आपल्या भाषेत हा फरक कोणाला शिकवावा लागत नाही. ‘आम्ही सिनेमाला चाललोय’ म्हटलं की तुम्ही घरी बसायचं. ‘आपण सिनेमाला चाललोय’ म्हटलं की तुम्ही चपला शोधायला लागता. त्या फोनपासून मी चपला शोधत होतो.

आजवर त्यांचं घर दोन खोल्यांचं होतं. तिथे मला जागा नव्हती हे लहान मूलही सांगेल, त्यामुळे कोणी विचारलं नाही आणि मीही कधी मनाला लावून घेतलं नाही. उलट मीच सगळ्यांना सांगत फिरायचो की मी माझी गल्ली सोडून कुठेही येणार नाही, मला आपलं स्वतंत्र बरं. माणूस असं बोलतोच. समोरच्याकडे द्यायला काही नसेल तर त्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून आपणच आधी नको म्हणून टाकायचं, एवढी रीत तर कोणालाही कळते. पण आता घर मोठं झालं होतं. आता नको म्हणायचं काही कारण उरलं नव्हतं.

“शिफ्टिंगच्या दिवसांत तुम्ही मस्त हॉटेलात राहा,” मुलगा म्हणाला. “नाहीतर तुम्ही खोकी उचलायला हजर व्हाल, मला माहितीये. रविवारी आम्ही तिथेच जेवायला येतो. मग बघू पुढचं.”

पुढचं म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. विचारणं म्हणजे मागणं झालं असतं, आणि पोटच्या पोराकडे काही मागायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. तयारीला मात्र मी लगेच लागलो. दुकान गेल्या वर्षीच बंद केलं होतं, दुकानावरच्या माझ्या राहत्या खोलीतलं सामान तेवढं उरलं होतं. शेगडी आणि भांडी शेजारच्या चांभाराच्या मुलीला देऊन टाकली, तिचा नवा संसार होता. पलंग औषधाच्या दुकानातल्या पोरांनी नेला. गल्लीने मला चहा पाजून रीतसर निरोप दिला. घड्याळवाला तर रडला, म्हणजे तो म्हणाला डोळ्यांत काहीतरी गेलं. मोठ्या बॅगेत मी माझे कपडे घातले आणि तळाला माझी जुनी इस्त्री ठेवली. चिमणीच्या शाळेच्या गणवेशाला रोज सकाळी मी इस्त्री करायची, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. सूनबाई नोकरी करते, तिची सकाळी धांदल असते. तिच्या हातच्या इस्त्रीबद्दल मी काही बोलत नाही. सूनबाई गुणाची आहे.

असा सगळा बाडबिस्तरा आवरून मी त्या उंच हॉटेलात शिरलो होतो. दाराशी माझी बॅग उचलताना तिथला माणूस कण्हला आणि हसला. मीही हसलो. त्याला काय सांगणार की यात संसार आहे म्हणून.

संध्याकाळी जेवायला खाली गेलो. मोठा दिवाणखान्यासारखा हॉल, मंद दिवे, एका कोपऱ्यात पियानो आणि त्याच्या शेजारी चमचमत्या झग्यातली एक गाणारी बाई. मला खिडकीपाशी दोघांचं टेबल दिलं होतं. समोर दुसरी खुर्ची, तिच्यापुढे दुसरं ताट, दुसरा नॅपकिन. नॅपकिनचा हंस केलेला. माझा हंस मी सरळ उलगडून मांडीवर घेतला. समोरचा हंस जेवण संपेपर्यंत माझ्याकडे बघत होता.

वेटर आला. चाळिशी उलटलेला, सडपातळ, आणि कॉलर अशी कडक की मान वळवायची तर आधी खांदे वळवावे लागतील. खळ जास्त झाली होती. मी त्याचं नाव मनातल्या मनात कडक कॉलर ठेवून टाकलं.

“आपण काय घेणार, सर?” त्याने वाकून विचारलं.

“आपण?” मी म्हटलं. “तुम्हीही बसताय का? या की. खुर्ची मोकळीच आहे.”

बिचारा गोंधळला. त्याने एकदा खुर्चीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. “नाही सर. म्हणजे... आपण म्हणजे आपण.”

“म्हणजे मी एकटाच.”

“हो सर. इथे गेस्टना आपण म्हणायचं असतं. तुम्ही म्हटलेलं चालत नाही.”

आपण म्हणजे एकटा माणूस. हे मला नवीनच होतं. मी हसलो, तोही हसला, आणि मी त्याला म्हटलं की तुमच्या मनाला येईल ते आणा, मला त्या कार्डावरचं काही कळत नाही आणि कळल्याचं सोंग आणायचं माझं वय राहिलेलं नाही.

त्याने आणलं ते सगळं चवीला उत्तम होतं आणि आकाराला दाढेत हरवेल एवढं. सूप बशीच्या खळग्यात चमचाभर. माशाचा तुकडा असा की मासा तळ्यात अजून जिवंत असेल आणि त्याला पत्ताही नसेल. सगळ्यात शेवटी सफरचंदाचा गरम केक आला, बाजूला आइसक्रीमचा गोळा. तो मात्र खाल्ला आणि मी गप्पच बसलो. काय सांगू! बायको असती तर अर्धा तिला द्यावा लागला असता, आणि मी तो खुशाल दिला असता.

कॉलर आला. “आपण आणखी एक घ्याल का, सर?”

“छे छे, नको,” मी म्हटलं आणि चमचा हातात धरून बसून राहिलो.

त्याने ताटली उचलली. मग माझ्या हातातला चमचाही हळूच काढून घेतला आणि निघून गेला.

मी बघतच राहिलो. असं कोणी करतं? तो पुन्हा पाणी ओतायला आला तेव्हा मी त्याला थांबवलं. “अहो, तुम्हाला घरी आईने कधी वाढलंय की नाही?”

“वाढलंय सर.”

“एकदा नको म्हटल्यावर ती भांडं घेऊन निघून गेली का?”

तो पहिल्यांदाच मोकळेपणाने हसला. त्या हसण्याने कॉलरसुद्धा जरा सैल झाली. “नाही सर. ती दुसऱ्यांदा विचारायची. तिसऱ्यांदा तर विचारायचीही नाही, सरळ वाढायची.”

“मग?”

“इथे नाही चालत सर. गेस्ट नको म्हणाले की नको. दुसऱ्यांदा विचारलं तर त्यांच्यावर दडपण येतं, असं शिकवतात आम्हाला.”

“बाबा रे,” मी म्हटलं, “माझ्यावर खुशाल दडपण आण.”

तो आत जाऊन आणखी एक केक घेऊन आला. मी नको म्हटलं, त्याने पुन्हा विचारलं, मग मी घेतला. आमच्यात हे ठरूनच गेलं. तेवढ्यात गाणारी बाई टेबलाटेबलावर फिरत माझ्यापर्यंत आली आणि हातातला माइक बाजूला धरून तिने विचारलं, “कोणासाठी गाऊ?” सगळी जोडपी एकमेकांकडे बोट दाखवत होती. मी मोकळ्या खुर्चीकडे पाहिलं, हंसाकडे पाहिलं. “माझ्यासाठी नका गाऊ,” मी म्हटलं, “घसा बसलाय तुमचा. गरम पाणी घ्या आधी.” ती खळखळून हसली आणि पुढच्या टेबलाकडे गेली. गेल्यावर मला वाटलं, गाऊ द्यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी चैनीचं सगळं करून पाहिलं. पैसे मुलाचे गेले आहेत, ते वाया का घालवायचे? मालिश करणाऱ्या बाईंनी दाब कसा हवा विचारलं, मी म्हटलं सुती शर्टाला लागतो तेवढा. त्यांना तो विनोद कळला नाही. पाठ चांगली मोकळी झाली. पण बाई आतल्या आत कुठलंसं गाणं गुणगुणत होत्या, आणि माझ्या पाठीवर चार वर्षांत कोणाचा हात पडलेला नव्हता हे मला तिथे पालथं पडल्या पडल्या आठवलं. डोळ्यांना पाणी आलं. पालथं असण्याचा हा एक फायदा असतो.

मग गच्चीवरच्या पोहण्याच्या तलावापाशी जाऊन बसलो. तिथून सगळं शहर दिसत होतं, आणि त्या शहराकडे पाठ करून जोडपी आपले फोटो काढत होती. हात कितीही लांब केला तरी दोघं आणि शहर एका फोटोत मावत नाहीत, म्हणून प्रत्येकाला कोणीतरी लागायचं, आणि रिकामा दिसणारा माणूस मी एकटाच होतो. दिवसभर मी फोटो काढले. ‘जवळ या,’ ‘मान वर करा,’ ‘अहो, पोट आत घ्या’ असं सगळं मी सांगत होतो. एका मुलीने फोन परत घेताना विचारलं, “काका, तुमचा काढू?” मी म्हटलं, “नको गं.” ती “ओके” म्हणाली आणि नवऱ्याला फोटो दाखवत निघून गेली.

दिवस संपता संपत नव्हता. दुकानात कधी दिवस गेला ते कळायचं नाही. गिऱ्हाईक येतं, भांडतं, बटण तुटलं म्हणतं, लग्नाला जायचंय संध्याकाळपर्यंत द्या म्हणतं. इथे सगळेजण माझ्यासाठी उभे होते आणि माझ्यावाचून कोणाचंच काही अडलेलं नव्हतं. अशा ठिकाणी एकट्याने येऊ नये. लोक फार वाकून बोलतात आणि लवकर निघून जातात.

एकटा कॉलर तेवढा थांबायचा. संध्याकाळी जेवताना मी त्याला सगळं सांगून टाकलं. नवं घर, चिमणीचा गणवेश, बॅगेतली इस्त्री. सांगायला दुसरं होतं कोण?

“उद्या दुपारी न्यायला येतायत,” मी म्हटलं. “जेवणार आणि घेऊन जाणार.”

“नशीबवान आहात, सर,” तो म्हणाला. “माझे वडील गावाकडे एकटेच असतात. किती वेळा म्हटलं या, तर नको म्हणतात.”

“किती वेळा म्हटलं?”

तो विचारात पडला. पेले पुसता पुसता म्हणाला, “म्हणजे... एकदा नीट म्हटलं होतं.”

“पुन्हा म्हण.”

“हो सर,” तो म्हणाला.

रविवारी मी सकाळीच तयार होऊन बसलो. पांढरा शर्ट, त्यावर स्वतःच्या हातची इस्त्री, हॉटेलची नव्हे. बॅग आवरून दाराशी ठेवली. उरलेली पाकळ्यांची बशीसुद्धा आवरली. मग खिडकीशी उभा राहून खाली येणाऱ्या गाड्या बघत राहिलो. वरून सगळ्या गाड्या सारख्याच दिसतात, तरी मी बघत होतो.

ते आले आणि खोली भरून गेली. मुलाने आधी न्हाणीघर पाहिलं आणि “बाबा, चंगळ आहे तुमची!” म्हणून ओरडला. सूनबाईने वाकून विचारपूस केली, झोप लागली का, गोळ्या घेतल्या का. चिमणी पलंगावर उड्या मारायला लागली. मी खिशातलं चॉकलेट काढून दिलं, ते थोडं वितळलं होतं, पण तिला त्याचं काही नव्हतं.

“अगं बाई,” सूनबाईचं लक्ष दाराकडे गेलं. “बाबा, दोन दिवसांसाठी एवढी मोठी बॅग?”

“लॉन्ड्रीवाल्याला कपड्यांची कमी पडेल का?” मी म्हटलं. मला वाटलं ती माझी गंमत करतेय. तिला माहीत असूनही विचारतेय.

चिमणीने तोवर बॅगेची चेन उघडून आत हात घातला होता. “आजोबा, हॉटेलात इस्त्री कशाला आणली?”

“मला यांच्या इस्त्रीचा भरवसा नाही,” मी म्हटलं. सगळे हसले. “ये इकडे. तुझ्या फ्रॉकचा पट्टा बघ कसा चुरगळलाय.”

मी टेबलावर टॉवेल पसरला, इस्त्री तापवली आणि पट्टा तिच्या कमरेवरून सोडवून घेतला. ती हनुवटी टेबलाला लावून बघत होती. वाफेचा वास आला आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. उद्यापासून हे रोज, असं मनात आलं. इतका सुखी मी चार वर्षांत झालो नव्हतो, हे खोटं सांगत नाही.

खाली आमच्यासाठी मोठं टेबल मांडलेलं होतं. कॉलर होताच. त्याने मला लांबूनच ओळखीचं हसू दिलं, आणि सगळ्यांसाठी खुर्च्या ओढताना माझी खुर्ची मुलाच्या शेजारी ठेवली. समोर सूनबाई, तिच्या बाजूला चिमणी. आज एकही खुर्ची मोकळी नव्हती.

जेवण मजेत चाललं होतं. मुलगा सामान हलवणाऱ्या लोकांनी कपाट कसं दारात अडकवलं ते सांगत होता. मी असतो तर अडकू दिलं नसतं, असं मी म्हणालो. चिमणीला मात्र आपलं सांगायचं होतं. तोंडात घास तसाच ठेवून ती सुरू झाली.

“आजोबा, आमचं घर इतकं मोठं आहे! माझी वेगळी खोली आहे. आईबाबांची वेगळी आहे. बाबांची कामाची एक आहे. आणि एक पाहुण्यांची आहे. तुम्ही आमच्या घरी आलात ना, की पाहुण्यांच्या खोलीत झोपायचं. पण तिथे बाबांची व्यायामाची सायकल आहे, ती आधी बाजूला करावी लागेल.”

आमचं घर. आमच्या घरी. पोर काय, घरात जे ऐकते ते बोलते. मी मनात पुन्हा एकदा खोल्या मोजल्या. तिने विसरून एखादी सोडली असेल असं वाटलं.

“हो बाबा,” मुलगा म्हणाला, “जरा आवराआवर झाली की या बघायला. एखाद्या शनिवारी मी घ्यायला येईन, रविवारी संध्याकाळी परत सोडेन. तुम्हाला तुमच्या गल्लीशिवाय करमणार नाही, ठाऊक आहे मला.”

माझ्या हातातला काटा तसाच राहिला. शनिवारी आणेन आणि रविवारी सोडेन. म्हणजे फोनवरचं ते ‘आपण’ म्हणजे तो, ती आणि पोर. आनंदाच्या भरात माणूस म्हणतो तसं तो ‘आपण’ म्हणाला होता. आपण जिंकलो, आपण घर घेतलं. त्यात मी कुठे होतो ते त्याने शोधलंही नसेल. मी मात्र त्या एका शब्दावर शेगडी देऊन बसलो होतो. पलंगसुद्धा. संध्याकाळी परत गेलो की गल्लीत काय सांगणार होतो मी? घड्याळवाल्याच्या डोळ्यांत पुन्हा काहीतरी जाणार.

माझा चेहरा बदलला असावा. आपल्याला वाटतं की आपण लपवतोय. मुलगा माझ्याकडे बघत होता. त्याच्या डोक्यात काहीतरी हललं. त्याला दाराशी ठेवलेली बॅग आठवली की काय, कोणास ठाऊक. त्याने सूनबाईकडे पाहिलं. तिने सुरी खाली ठेवली.

“बाबा,” तो सावकाश म्हणाला, “तुम्हाला... म्हणजे, तुम्हाला राहायलाच यायचंय का आमच्याकडे? कायमचं?”

विचारलं. महिनाभर मी ज्याची वाट बघत होतो, ते त्याने विचारलं. आणि माझ्या तोंडातून काय निघालं?

“छे रे! नको नको. माझी जागा काय वाईट आहे?”

असं माझ्या तोंडातून आपसूक निघालं. वाढायला आलेल्याला पहिलं नको म्हणतात तसं निघालं. पण मी तयार होतो. तो पुन्हा विचारेल, ‘अहो बाबा, या ना, एकटे कशाला राहता,’ एवढंच म्हणेल, आणि मग मी म्हणेन, ‘बरं बाबा, तू एवढं म्हणतोयस तर.’ हे वाक्यसुद्धा माझ्या जिभेवर होतं. पाहुण्यांची खोली चालली असती मला. सायकलसकट चालली असती.

मुलाने मोठा श्वास सोडला. त्याचे खांदे खाली आले. “मला माहितीच होतं,” तो म्हणाला आणि सूनबाईकडे वळला. “मी म्हटलं नव्हतं तुला? बाबा नाही सोडायचे त्यांची गल्ली. उगाच काळजी करत होतीस तू.”

सूनबाई माझ्याकडे बघत राहिली. तिचं तोंड उघडलं होतं, तिला काहीतरी कळलं होतं, निदान मला तसं वाटलं. एखादा क्षण मी तिच्याकडे आशेने पाहिलंसुद्धा. मग तिने मान खाली घातली आणि चिमणीच्या हनुवटीला लागलेला सॉस पुसायला घेतलं. पुसून झालं तरी ती पुसत होती.

आता मीच सांगायचं होतं. हात वर करून म्हणायचं होतं, अरे, मला यायचंय. त्याने नेलं असतं. मुलगा वाईट नाही माझा, लाजेखातर का होईना, सायकल बाहेर काढली असती त्याने. पण मला ती जागा मागून नको होती. मला कोणीतरी ये म्हणायला हवं होतं, आणि मी नको म्हटल्यावरही म्हणायला हवं होतं. त्या भरलेल्या टेबलापाशी मला जेवढं एकटं वाटलं, तेवढं मोकळ्या खुर्चीसमोर बसून वाटलं नव्हतं.

“नवं कपाट कुठे ठेवलंत?” मी विचारलं. मुलगा खुशीत सांगायला लागला.

कॉलर शेवटचं घेऊन आला. सफरचंदाचा गरम केक, बाजूला आइसक्रीम. त्याला माझी आवड ठाऊक होती. चिमणीपुढे ठेवला, सूनबाईपुढे, मुलापुढे. मग माझ्यापाशी येऊन, ताटली हातात धरून तो थांबला. आमच्या चेहऱ्यांवरून त्याला काही कळलं असेल तर त्याने तसं दाखवलं नाही.

“आपण घ्याल ना, सर?”

“नको,” मी म्हटलं. खरंच घास उतरला नसता.

तो हलला नाही. वाकूनच उभा राहिला. हॉटेलची सगळी शिकवण बाजूला ठेवून, आवाज अगदी खाली आणून तो म्हणाला, “थोडासा तरी? घ्या ना, बाबा.”

बाबा म्हणाला तो मला. मी मांडीवरचा हात उचलला, ताटली घ्यायला पुढे केला असता.

“अहो, नको म्हणाले ना ते,” मुलगा हसत म्हणाला. त्याने माझ्या खांद्यावर हात टाकला. त्याच्या आवाजात माझ्याबद्दलचा अभिमान होता, खरा अभिमान. “आमच्या बाबांचं एकदा नको म्हणजे नको. त्यांना दुसऱ्यांदा विचारायचंच नसतं.”

कॉलरने माझ्याकडे पाहिलं. मी नॅपकिनची घडी घालत होतो.

“सॉरी सर,” तो म्हणाला, आणि ताटली घेऊन गेला.